ढिलं हाय का?

बारामतीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायचो. पेशीविभाजनाचा धडा आला की कांद्याच्या मुळाचं टोक कापायचं, रंगात बुडवायचं, काचपट्टीवर ठेवून अंगठ्यानं दाबायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली मुलांना गुणसूत्रं दाखवायची, हे दरवर्षीचं काम. फळ्यावर रंगीत खडूनं आकृती काढायचो. मधोमध एका ओळीत उभी गुणसूत्रं, दोन टोकांकडून आलेले धागे, मग दोन्हीकडे सारखी वाटणी. माणसाच्या शरीरातल्या पेशीत सेहेचाळीसाची पुन्हा सेहेचाळीस, बीजपेशीत निम्मी, म्हणजे तेवीस. वाटणी चुकली तर काय होतं, यावर पुस्तकात शेवटी दोन ओळी होत्या. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे. मी त्या वाचून दाखवायचो आणि पुढच्या धड्याला लागायचो.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्हाला पहिली मुलगी झाली. बायको बाविशीची होती. मुलगी अंगानं कापसासारखी सैल होती, डोळे कडांना वर चढलेले, आणि तळहातावर दोन रेघांच्या जागी एकच आडवी रेघ. ती रेघ मीच आधी पाहिली. पुस्तकातल्या त्या दोन ओळींत तिचा उल्लेख होता. बायकोला मी तेव्हा काही बोललो नाही, कारण खात्री नव्हती आणि खात्रीशिवाय बोलायची मला सवय नाही. बारामतीच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून पाहिली, हृदयात आवाज आहे म्हणाले आणि पुण्याला जायला सांगितलं.

पुण्याच्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी मुलीचं रक्त घेतलं आणि समोर बसवून नीट समजावलं. एकविसाव्या क्रमांकाचं गुणसूत्र दोनाच्या जागी तीन असणार, हे चेहऱ्यावरून त्यांना दिसत होतं. पण ते तिसरं कसं आलंय, हे महत्त्वाचं होतं. सुटं असेल तर तो एका बीजाच्या वाटणीतला अपघात, घराण्याशी त्याचा संबंध नाही. ते दुसऱ्या एखाद्या गुणसूत्राला चिकटून आलेलं असेल तर मात्र ते घराण्यातून आलेलं असू शकतं, मग बायकोचं, माझं आणि आमच्या भावंडांचंही रक्त तपासावं लागेल.

या सुट्या आणि चिकटलेल्याच्या फरकावर आमच्यापेक्षा दुसऱ्याच कुणाचं तरी आयुष्य टांगलेलं होतं. बायकोचं माहेर इंदापूर तालुक्यातलं शेळगाव. तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न माळेगावकडच्या एका मुलाशी ठरलं होतं, सुपारी फुटली होती. घरी ट्रॅक्टर, बागायती जमीन, माणसंही साधी. मुलाचे आजोबा, ज्यांना सगळे आबा म्हणत, आमच्या मुलीच्या बारशाला आले होते. पाळण्यात वाकून त्यांनी बराच वेळ पाहिलं. आयुष्यभर मेंढरं राखलेला माणूस, नवं जन्मलेलं जनावर कसं आहे हे त्यांना पायांवरून कळायचं. चार दिवसांनी निरोप आला: मोठीच्या पोटी असं लेकरू झालं, धाकटीचं काय सांगावं? दवाखान्यातनं काय कळतंय ते कळू द्या, तवर तारीख धरू नका.

सुपारी फुटल्यावर लग्न मोडलेली मुलगी आमच्याकडे पुन्हा सहज उजवली जात नाही. ‘का मोडलं’ हे पुढच्या प्रत्येक दारात विचारलं जातं. आणि याचं उत्तर तर पाळण्यात होतं. मेहुणी आमच्या मुलीला आंघोळ घालायची, तेल लावायची, आणि मधेच हात थांबवून तिच्याकडे बघत बसायची. बायकोला वेगळंच ऐकावं लागत होतं. ग्रहणात काही चिरलंस का, विळीवर बसली होतीस का, असं शेजारणी विचारायच्या. रात्री तीच मला विचारायची, “खरंच चिरलं असेल का हो मी काही?”

निकाल यायला बरेच दिवस लागले. पाकिटात कागद आणि एक फोटो होता. एका पेशीतली गुणसूत्रं कात्रीनं कापून, जोडीजोडीनं ओळीत चिकटवलेली. मी एक-एक मोजत गेलो. एकविसाव्या जागी तीन, तिन्ही सुटी. एकूण सत्तेचाळीस. डॉक्टर बाई म्हणाल्या, अपघात आहे, आई-वडिलांच्या बाजूच्या कुणालाच भीती नाही, तुम्हालाही पुढचं मूल चांगलं होण्याची शक्यता पुष्कळ आहे. एस.टी.त बसल्यावर बायको खिडकीकडे तोंड करून म्हणाली, “म्हणजे धाकटीचं लग्न होईल.” मुलीबद्दल त्या दिवशी आम्ही काही बोललो नाही.

आबा दुसऱ्या दिवशी शेळगावला येणार होते. आम्ही आदल्या दुपारीच पोचलो. सासऱ्यांना मी मामा म्हणायचो, सासूबाईंना मामी. मामी चुलीपुढं बसल्या होत्या. त्यांनी पाकिटातला फोटो हातात घेतला, दूर धरून पाहिला आणि म्हणाल्या, “ह्या अळ्या हायत व्हय?”

मामींना शाळेचं वारं लागलेलं नव्हतं, पण त्या मेंढपाळाच्या घरातल्या होत्या आणि मीही. त्यामुळं मला सोपा रस्ता सापडला. मी त्यांना कळपाच्या वाटणीवरून सांगायला घेतलं.

माझं गाव कन्हेरी. माझ्या लहानपणी वडील आणि चुलते वेगळे झाले, तेव्हा माळावर झालेली वाटणी मी पाहिली होती. आमच्या घराण्यात मेंढरं नुसती मोजून अर्धी करत नसत. तसं केलं तर एकाच्या वाट्याला सगळ्या म्हाताऱ्या आणि दुसऱ्याच्या वाट्याला सगळ्या गाभण्या जायच्या. म्हणून जोड लावायची. गाभणीशेजारी गाभण, कोकराशेजारी कोकरू, नराशेजारी नर. जोडीतल्या दोघांच्या गळ्यांना मधोमध लोकरीच्या एकाच दोरीनं बांधायचं. मग एका बाजूला एका भावाच्या खुंट्या, समोर दुसऱ्याच्या. जोडीतलं एक मेंढरू दाव्यानं या खुंटीला, दुसरं त्या खुंटीला. दोन्हीकडून ओढ लागली की मधली दोरी ताणते. कळपातला जाणता माणूस विळा घेऊन उभा राहायचा आणि ओरडायचा, “ढिलं हाय का?” ज्याच्या समोरची दोरी सैल असेल त्यानं तेवढंच म्हणायचं, “ढिलं.” ज्याची ताणलेली आहे त्यानं काहीच बोलायचं नाही. एक जरी ‘ढिलं’ आलं तरी विळा खाली. सगळीकडे शांत झालं की मगच एका दमात सगळ्या दोऱ्या कापायच्या.

आमच्या वाटणीत एका जोडीतली दोन्ही मेंढरं चुकून वडिलांच्याच खुंट्यांना बांधली गेली होती. लांबून सगळं बरोबर दिसत होतं. पण मधली दोरी लोंबत होती. ‘ढिलं’ आलं आणि सगळा माळ थांबला. कुणीतरी कुरकुर केली, तेव्हा जाणता म्हणाला, “थांबल्यानं मेंढरू मरत न्हाय. घाईनं मरतं.”

“पेशीतबी असंच,” मी मामींना म्हणालो. “धागे म्हणजे दावी. जे गुणसूत्र दोन्हीकडून ओढलं गेलेलं नाही, तेच ओरडतं, थांबा म्हणून. त्याचा आवाज बंद झाला की दोरी कापली जाते. बीज तयार होताना जोडीतलं एक इकडे, एक तिकडे जायला पाहिजे. इथं एका बीजात एकविसाव्या जोडीतली दोन्ही एकाच बाजूला गेली.”

“आन् कुणी ढिलं म्हनलं न्हाय?”

“म्हटलं असेल. स्त्रीच्या बीजात ही राखण थोडी सैल असते. एखाद्याच्या ओरडण्यानं सगळं थांबतंच असं नाही. आणि मधली दोरीही जुनी झालेली असते.”

मामा दारात बसून ऐकत होते. म्हणाले, “शेरडावानी, दोरी न बघताच हाकललं का काय म्हनावं मग.” बायको हसली. निकाल आल्यापासून ती पहिल्यांदा हसली. मामींनी मात्र फोटोवरची नजर काढली नव्हती.

“दोरी जुनी कशी?” त्यांनी विचारलं. “कवा बांधत्यात ही?”

इथं मी थांबायला हवं होतं की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. प्रश्न विचारला होता आणि उत्तर मला बरोबर माहीत होतं. मी सांगितलं: मुलीची सगळी बीजं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात. जोड तिथंच लागते, दोरी तिथंच बांधली जाते. मग ती मुलगी जन्मते, मोठी होते, तिचं लग्न होतं, तोवर दोरी तशीच असते. वीस-बावीस वर्षांनी एकेक बीज पिकतं तेव्हा ती सुटते.

मामी बोटांच्या पेरांवर मोजू लागल्या. “माझी ही मोठी चैत्रातली. म्हंजी आदल्या दिवाळीच्या सुमाराला बांधली.”

“हो, साधारण तेव्हाच.”

“तवा मी रस्त्याच्या कामावर खडी फोडत व्हते,” त्या म्हणाल्या.

बहात्तरच्या दुष्काळात शेळगावातली निम्मी माणसं खडीवर होती. मामी पोटुशी असताना सकाळी जायच्या, सांजेला यायच्या. घरात रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, कामावर मिळेल ती पिठाची सुकडी. मी लगेच म्हणालो की खडीचा आणि याचा काही संबंध नाही, असं कुठल्याच पुस्तकात नाही, डॉक्टरही म्हणाल्या नाहीत. “व्हय, व्हय,” मामी म्हणाल्या, फोटो पाकिटात घातला आणि तव्यावरची भाकरी उलटली.

बाहेर आल्यावर बायको दातांवर दात ठेवून म्हणाली, “दोरी कधी बांधतात ते सांगायची काय गरज होती?”

“त्यांनी विचारलं.”

“तिनं विचारलं म्हणून सगळंच सांगायचं?”

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला आबा आले, सोबत मुलाचे वडील. ओसरीवर घोंगडं अंथरलं होतं. पाणी झालं, पान झालं. मी कागद पुढं ठेवला आणि थोडक्यात सांगितलं: सुटं आहे, अपघात आहे, घराण्यात काही नाही, धाकटीला तपासायचीही गरज नाही.

आबांनी कागदाला हात लावला नाही. “मग दोष कुणाचा?”

“कुणाचाच नाही, आबा.”

“गुरुजी, मेंढरू मेलं तर लांडग्यानं नेलं म्हनायचं, न्हाईतर रोगानं. कुणीच न्हाय नेलं, असं आमी तरी ऐकलं न्हाय.” ते हसले. “तुमी कांद्याची मुळी बघताय, आमी नुसता कांदा खातो. आमाला आमच्या परीनं सांगा.”

मी पुन्हा सांगितलं. दोरीचं, खुंट्यांचं. त्यांना ते चांगलं कळत होतं, मधे मधे मानही हलवत होते. पण शेवटी पुन्हा तिथंच. “दोरी सुटली, मान्य. का सुटली?”

“ते कुणालाच सांगता येत नाही.”

“मग तिच्या धाकट्या भनीची सुटनार न्हाय, हे तरी कसं सांगता?”

“जशी कुणाचीही सुटू शकते, तशीच तिची. जास्त नाही.”

“हां,” आबा म्हणाले आणि मुलाच्या वडिलांकडे पाहिलं. त्या ‘हां’चा अर्थ मामांना कळला. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. आतल्या खोलीत मेहुणी होती. भांड्यांचा आवाज मघापासून थांबलेला होता.

त्याच वेळी मामी उंबऱ्यात आल्या. पदर डोक्यावरून पुढं ओढलेला. पुरुषांच्या बैठकीत त्या एरवी कधी बोलल्या नव्हत्या.

“आबा, का सुटली ते मी सांगते,” त्या म्हणाल्या. “पाव्हणं भिडंपायी बोलत न्हाईत. मोठी पोटात असताना दुष्काळ व्हता, मी खडी फोडत व्हते. तिच्या बीजाची दोरी तवा बांधली. पोटात अन्न न्हाय, दिसभर हातोडा. ती दोरी कच्ची बसली. धाकटी त्याच्यानंतरची हाय. तवा पाऊस झाल्ता, घरात ज्वारी व्हती, मी कामावर गेले न्हाय. तिची दोरी पक्की हाय. दोष माझा हाय, पोरींचा न्हाय.”

आबांचा चेहरा सैल झाला. त्यांना लांडगा सापडला होता. दुष्काळ त्यांनीही पाहिला होता, त्यांचीही मेंढरं त्या साली तडफडून मेली होती. ते म्हणाले, “बहात्तर सालानं लय जनांचं वाटोळं केलं.” मग घसा साफ करून मुलाच्या वडिलांना म्हणाले, “तारीख धरा. फकस्त एक. पोरीच्या हळदीला आईचा हात लागू नये. वटी बी चुलतीनं भरावी. दोष अंगावर घेतला, तर तो लांब ठेवलेला बरा.”

“चालंल,” मामी लगेच म्हणाल्या. इतक्या लगेच, की हे त्यांनी रात्रीच ठरवलं असावं.

मी म्हणालो, “आबा, ढिलं आहे.”

शब्द ऐकून आबांनी खरंच मान वर केली. त्यांच्या कळपांच्या वाटण्याही तशाच झाल्या असणार. “कुठं?” त्यांनी विचारलं.

“हे खरं नाही. दुष्काळानं तसं होत नाही. त्या साली पोटात असलेल्या हजारो मुली आज आया झाल्यात, त्यांची मुलं चांगली आहेत. मामींचा काही दोष नाही.”

आबांनी एकदा मामींकडे पाहिलं, एकदा मामांकडे, मग पोराच्या बापाकडे. “तिकडची वढ हाय. इकडची वढ हाय. मला तर दोरी ताणल्याली दिसतीया.” मग माझ्याकडे वळून, अगदी प्रेमानं म्हणाले, “गुरुजी, तुमी एकटंच ढिलं.”

सगळे हसले. मामाही हसले, डोळे पुसत. मी मामींकडे पाहिलं. त्यांनी मान अगदी थोडी हलवली, नको म्हणून. “पाव्हणं, च्या घ्या,” त्या म्हणाल्या. आतून भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला.

मी चहा घेतला. बोलायचं ते बोलून झालं होतं.

लग्न वैशाखात झालं. हळदीच्या दिवशी मांडवात बायका गात होत्या, चुलती पहिली हळद लावत होती. मामी मांडवाच्या मागं, बाभळीच्या सावलीत, आमच्या मुलीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मुलीला धाप लागायची, ओठ निळसर व्हायचे. मामी तिच्या छातीवर हात ठेवून तो आवाज मोजत असल्यासारख्या बसायच्या. बायको हळदीची वाटी घेऊन तिकडे गेली आणि आईच्या गालाला बोट लावायला वाकली. मामींनी तोंड फिरवलं. म्हणाल्या, “शबूद दिलाय.”

हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी पुण्यात वाट पाहत असतानाच, तीन वर्षांची व्हायच्या आत, मुलगी गेली. मामी आल्या, चार दिवस राहिल्या, स्वयंपाक केला, आणि कपाटावरची तिची लोकरीची टोपी मागून घेऊन गेल्या. तोवर धाकटीला मुलगा झाला होता, धडधाकट. मामी मला म्हणाल्या, “बघा, म्हनलं व्हतं न्हवं? दुष्काळाचंच व्हतं.” मी एका उदाहरणावरून काही सिद्ध होत नाही असं म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते कीव आल्यासारखं.

दशक संपता संपता आम्हाला मुलगा झाला. सगळं व्यवस्थित होतं. मी त्याचे तळहात पाहिले, दोन्हीवर दोन-दोन रेघा. आता माझ्याकडे मामींना पटेल असा पुरावा होता, असं मला वाटलं. त्या बाळाला बघायला आल्या, तेव्हा मी मुद्दाम त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

“मामी, हिशेब करा. याची आई ज्या महिन्यांत तुमच्या पोटात होती, त्याच महिन्यांत याच्याही बीजाची दोरी बांधली गेली. तुम्ही खडी फोडत होता तेव्हाच. तोच दुष्काळ, तोच हातोडा. आणि बघा, याची सुटली नाही. म्हणजे खडीचा दोष नव्हता.”

मी बाळ त्यांच्यापुढं धरलं होतं. त्यांनी हातही पुढं केले होते. माझं बोलणं ऐकता ऐकता ते हात मधेच थांबले.

“ह्याची बी तवाच बांधली?” त्यांनी विचारलं.

“हो. तेच तर सांगतोय.”

त्यांनी हात मागं घेतले आणि पदरात गुंडाळले. बाळाकडे त्या लांबूनच पाहत राहिल्या, बराच वेळ.

“मग नगं,” त्या म्हणाल्या. “माझा हात नगं लागाया ह्याला. ह्याचं नीट बसलंय, ऱ्हाऊ दे.”

पुढं त्या सात वर्षं होत्या. मुलगा आजीकडे शेळगावला जायचा, त्यांच्या शेजारी जेवायचा, त्यांच्या गोष्टी ऐकायचा. त्याला त्यांनी कधी हात लावला नाही. तो विचारायचा, आजी मला उचलून का घेत नाही. बायको माझ्याकडे बघायची, आणि मी त्याला सांगायचो की आजीचे हात दुखतात.